कपाटं उघडा : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सदस्य,
कार्यकारी मंडळ,
तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय

सप्रेम नमस्कार.

तीन पावसाळ्यांपूर्वी वाचनालयाच्या मागच्या भिंतीला ओल धरली आणि त्या भिंतीलगतची सहा लोखंडी कपाटं रिकामी करावी लागली, ते तुम्हाला आठवत असेल. पुस्तकं वाळवायला म्हणून बाकांवर, टेबलांवर, व्हरांड्यातल्या सतरंजीवर मांडून ठेवली होती. चार दिवस. मी या वाचनालयाची एकतीस वर्षांची सभासद आहे, पण त्या चार दिवसांत जेवढी पुस्तकं मी पाहिली तेवढी आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून पाहिली नव्हती. पाहिली म्हणजे हातात घेतली, चाळली, मधलंच एखादं पान उभ्याउभ्या वाचलं, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

त्या सतरंजीवर मला विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ सापडलं. शिवण उसवलेली, पानांच्या कडा तांबूस. मागच्या तारीखपट्टीवरचा शेवटचा शिक्का 1994 सालचा. शाळेत असताना या पुस्तकाचं नाव कानावरून गेलं होतं, तेवढंच. गोडसे भटजी आपल्याच रायगड जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावर कर्ज, म्हणून हा भिक्षुक 1857 साली चार पैसे दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि नेमका बंडाच्या धामधुमीत सापडतो. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो झाशीत होता. मिळवलेले पैसे लुटले गेले. गंगेची कावड मात्र त्याने घरी आणली. पुढे 1883 साली, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, हे सगळं आठवून लिहून काढलं. छापलं गेलं ते 1907 मध्ये.

मी ते दोन रात्रींत वाचलं. माझ्या माहेरहून वरसई तासाभराच्या वाटेवर. त्या गावच्या माणसाने झाशी जळताना पाहिली आणि आपल्या भाषेत लिहून ठेवली, आणि ते पुस्तक माझ्यापासून आठ पावलांवर, कुलपाच्या आत, अठ्ठावीस वर्षं उभं होतं. मी आठवड्यातून दोनदा त्याच्यासमोरून जात होते. भिंतीला ओल आली नसती तर ते मला भेटलं नसतं. हे मला अजूनही सहन होत नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे. आपल्या वाचनालयात पुस्तकं आहेत, पण ती सापडत नाहीत. सापडायची सोय करा. गावाचं आणि वाचनालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी बंद कपाटं मी माझ्या मुलीच्या सासरच्या गावी पाहिली, बहिणीच्या गावीही पाहिली. हे पत्र त्या मंडळांनीही आपल्याला आलं असं समजून वाचावं.

आज काय होतं ते सांगते. वाचक देवघेवीच्या खिडकीशी येतो. ग्रंथपालबाई विचारतात, “कोणतं देऊ?” आता ज्याचं नाव माहीत आहे तेच माणूस मागणार. म्हणून तीच दहा-बारा गाजलेली नावं वर्षानुवर्षं फिरतात, त्यांच्या तीन-तीन प्रती झिजतात आणि “बाहेर आहे” हे उत्तर ऐकून लोक परत जातात. शेजारच्या कपाटातल्या शेकडो पुस्तकांना कुणी विचारत नाही, कारण ती आहेत हेच कुणाला ठाऊक नाही. मग वार्षिक सभेत म्हटलं जातं की लोक वाचत नाहीत. ओल आलेल्या त्या चार दिवसांत देवघेवीची वही काढून पाहा. एरवी वर्तमानपत्र वाचून निघून जाणारी माणसंही एकेक पुस्तक नावावर घेऊन गेली होती. त्या दिवसांत कुणी वाचनाचं महत्त्व सांगणारं भाषण केलं नव्हतं. पुस्तकं फक्त डोळ्यांसमोर होती.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांची तसबीर आपल्या दालनात आहे. दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, तिला हार घातला जातो. त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. तिसरं मला सगळ्यांत जवळचं वाटतं : प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. म्हणजे पुस्तकाचाही वाचकावर हक्क आहे. या तिसऱ्या सूत्रासाठीच रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीचा आग्रह धरत होते, वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावं आणि पाहावं. याला आता नव्वदहून जास्त वर्षं झाली. तसबिरीखालची कपाटं अजून बंद आहेत.

सगळं एकदम उघडा असं मी म्हणत नाही. दुर्मीळ ग्रंथ, कोश, पोथ्या राहू द्यात कुलपात. कादंबरी, कथासंग्रह आणि प्रवासवर्णनं, या तीन विभागांपासून सुरुवात करा. आणि उघडताना मांडणीचाही विचार करा, कारण दाखल क्रमांकाप्रमाणे, म्हणजे आली त्या क्रमाने, ओळीने उभी केलेली पुस्तकं ग्रंथपालाला सापडतात, वाचकाला नाही.

प्रवासवर्णनांचंच घ्या. आपल्याकडे ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ सतत बाहेर असतात आणि असायलाच हवीत. पण ती परत आणून देणाऱ्या माणसाला पुढचं काय देता? त्याच्यासमोर मराठी प्रवासाचा सबंध रस्ता मांडता येईल. गोडसे भटजी आपली आठवण लिहून काढत होते त्याच 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. लहानपणी आई-वडिलांबरोबर हिंदुस्थानभर तीर्थाटन करत पायी हिंडलेली, दुष्काळात त्या दोघांना गमावलेली ही बाई पुढे अमेरिकेत पोचली आणि तिथल्या लोकस्थितीवर तिने मराठीत पुस्तक लिहिलं, ते 1889 साली प्रसिद्ध झालं. तिथल्या शाळा, तिथल्या बायकांच्या संस्था, काळ्या माणसांना मिळणारी वागणूक, सगळ्यांकडे ती बारकाईने पाहते. प्रेक्षणीय स्थळं पाहून आलेल्या माणसाचं हे लेखन नाही. आपल्या घरी काय बदलायला हवं ते शोधायला गेलेल्या बाईचं आहे.

तिथून अण्णा भाऊ साठ्यांकडे या. वाटेगावचा एक मुलगा आई-वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला येतो, गिरणगावात वाढतो, आणि 1961 साली रशियाला जातो. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे छोटंसं पुस्तक आहे. दोन संध्याकाळी पुरतात. ते अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’च्या शेजारी ठेवा. एकाच देशात वेगवेगळ्या काळात गेलेली दोन मराठी माणसं, पण एक कुठल्या गल्लीतून आलं आणि दुसरं कुठून, ते पानापानावर कळतं. ही दोन पुस्तकं आपल्याकडे आहेत. एक तिसऱ्या कपाटात आहे, दुसरं सातव्यात, आणि त्यांची गाठ कधी पडलेली नाही.

आणि अण्णा भाऊंचा रशिया वाचून झाला की वाचक ‘फकिरा’ मागतोच. मागणारच. प्रवासवर्णनातून माणूस कादंबरीत असा जातो. मी तशीच गेले. मग ‘फकिरा’च्या शेजारी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा 1963 सालचा कथासंग्रह असला तर कादंबरीतून कथेत जायलाही वाट होते. गेल्या वर्षी अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मला म्हणाला, “काकू, कथा म्हणजे लहान मुलांच्या ना?” मी माझ्या नावावर बागुल घेऊन त्याला दिलं. चौथ्या दिवशी तो परत आला. पुस्तकाबद्दल तो काही बोलला नाही. फक्त विचारलं, “अजून आहे का असं?” त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वाचनालय असतं.

कथासंग्रहांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यांच्यावर आपल्याकडे सर्वांत जास्त अन्याय होतो. आपल्या ग्रंथयादीत संग्रहाचं नाव असतं, आतल्या कथांची नावं नसतात. वाचक मात्र कथा लक्षात ठेवतो. शाळेच्या पुस्तकात वाचलेली, आकाशवाणीवर ऐकलेली, जुन्या दिवाळी अंकात पाहिलेली एखादी गोष्ट त्याच्या मनात वीस-वीस वर्षं असते. ती कुठल्या संग्रहात आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि आपल्या यादीलाही येत नाही. मग तो हात हलवत परत जातो.

खरं तर ज्यांना वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो त्यांच्यासाठी कथेसारखं दुसरं काही नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयातली एक परिचारिका रात्रपाळीला फक्त कथासंग्रह नेते. दोन फेऱ्यांच्या मधे एक कथा होते, म्हणते. कादंबरी अर्धवट सोडून उठायचं तिच्या जिवावर येतं. तिला मी आधी व्यंकटेश माडगूळकर दिले, मग शंकर पाटील. एके दिवशी धीर करून जी. ए. कुलकर्णी दिले. ‘निळासावळा’पासून सुरुवात केली, एकदम ‘काजळमाया’ हाती दिलं नाही. जी. एं.च्या घरात शिरायचं तर कुठल्या दाराने शिरायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. पहिल्याच भेटीत अवघड पुस्तक हाती पडलं म्हणून एखाद्या लेखकापासून कायमची दूर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. कमल देसाईंचंही तसंच. त्या मला फार उशिरा भेटल्या, पन्नाशी उलटल्यावर, आणि तिशीत भेटल्या असत्या तर काही गोष्टी मी वेगळ्या केल्या असत्या असं वाटत राहतं.

मराठी कथा आता संपली असं म्हणणारे आपल्या मंडळातही आहेत, म्हणून आठवण देते. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार 2012 साली जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला मिळाला, 2016 साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला, 2021 साली किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला. तिन्ही कथासंग्रह. गिरण्या बंद पडल्यानंतरची मुंबई, परभणीकडचं गाव आणि कोल्हापूरकडची शिकू पाहणारी मुलं. यातला एकच आपल्याकडे आहे. बाकीचे दोन मी मागणी वहीत लिहून ठेवले होते, तारखेसकट.

खरेदीवरही दोन शब्द. मार्चअखेर जवळ आला की आपल्याकडे पुस्तकांचा गठ्ठा येतो. त्यात काय असावं हे आधी ठरलेलं नसतं, सवलत किती आणि खर्च कधीपर्यंत दाखवायचा एवढंच ठरलेलं असतं. अनुदानाचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला, तेव्हापासून अ, ब, क, ड वर्ग आणि त्यांचं अनुदान या चौकटीत आपल्यासारखी वाचनालयं चालतात, आणि पैसे हाती पडेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं. पण यादी तर वर्षभर करता येते ना? पुस्तक निवड समितीत दोन जागा वाचकांना द्या, एक तिशीच्या आतल्याला. मागणी वही दर बैठकीत उघडा. पैसे येतील तेव्हा यादी तयार असेल.

कादंबऱ्यांचा कप्पा कसा लावावा यावर मी बराच विचार केला आहे. लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावणं सोयीचं, ते ठेवाच. पण एक लहान मांडणी प्रदेशाप्रमाणे लावून पाहा. कोकणाच्या कप्प्यात पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ असेल, खानोलकरांचा ‘कोंडुरा’ असेल, आणि त्यांच्या शेजारी आजच्या सिंधुदुर्गातून लिहिणारे प्रवीण बांदेकर असतील, ज्यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला 2022 चा अकादमी पुरस्कार आहे. वाचक एकाच हाताच्या अंतरावर सत्तर वर्षांचं कोकण पाहील. माणदेशाला ‘बनगरवाडी’ आहे. धरणाखाली गेलेल्या गावांना कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ आहे. आपल्या तालुक्यातही विस्थापितांच्या दोन वसाहती आहेत, तिथे हे पुस्तक कुणी नेलं आहे का? वऱ्हाडासाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ आहे, 1960 सालची.

‘धग’ची गोष्ट सांगते. माझी सून अमरावतीकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिच्या बोलण्याला आमच्या आळीत हसायचे. ती गप्प गप्प राहायला लागली. मी तिला ‘धग’ आणून दिली. त्यातली माणसं वऱ्हाडीतच बोलतात. कादंबरीतली कौतिक बोलू लागली आणि ही स्वयंपाकघरात मोठ्याने वाचू लागली, तिच्या आजीच्या आवाजात. मला म्हणाली, “आई, ही आमची बोली पुस्तकात आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.” मराठीचं शिक्षण बारावीपर्यंत झालेल्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. आपण सांगायला हवं होतं. आता ती शेळक्यांची दुसरी पुस्तकं शोधते आहे आणि आपल्या यादीत ती आहेत की नाहीत हे अजून कळलेलं नाही.

आता तुमचे आक्षेप. पुस्तकं चोरीला जातील. काही जातील, खरं आहे. पण तीस वर्षं कपाटात उभं राहून कसरीने खाल्लेलं पुस्तकही गेलेलंच असतं, फक्त त्याची तक्रार कुणी करत नाही. दार एकच ठेवा, पिशव्या बाहेर ठेवायला लावा, सहा महिन्यांनी मोजणी करा. दुसरा आक्षेप, लोक पुस्तकं वाटेल तिथे ठेवतील. त्याला सोपा उपाय आहे : पाहिलेलं पुस्तक मांडणीत परत न ठेवता टेबलावर ठेवायचं, अशी पाटी लावा. दिवसभरात टेबलावर काय काय जमतं ते पाहिलं की लोकांनी काय काय उघडून पाहिलं तेही कळेल.

तिसरी अडचण खरी आहे आणि ती वाचकांनी तुमच्यावर ढकलू नये. ग्रंथपालबाई एकट्या आहेत. देवघेव त्यांची, नोंदी त्यांच्या, वर्गणी त्यांची, अनुदानाचे कागद त्यांचे, आणि त्यांना मिळतं ते मानधन सांगायलाही संकोच वाटावा असं आहे. वाढीव काम त्यांच्या डोक्यावर टाकून मुक्तद्वार होणार नाही. म्हणून आम्ही सात सभासदांनी वार वाटून घेतले आहेत. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते पाच माझे. पुस्तकं जागेवर लावणं, फाटलेली वेगळी काढणं, विचारणाऱ्याला चार पुस्तकं दाखवणं एवढं आम्ही करू. वाचून झालेल्या पुस्तकात वाचकाने चार ओळींची चिठ्ठी ठेवावी आणि ती मांडणीच्या कडेला लावावी, हेही आम्ही सुरू करू. कुणाला आवडलं आणि का, बस. समीक्षा नको. आपल्याच गावातल्या दूधवाल्याने, शिक्षिकेने, रिक्षावाल्याने लिहिलेली चिठ्ठी वाचून माणूस पुस्तक उचलतो.

आणखी एक मागणं, जमलं तर पुढच्या वर्षी. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. आपल्या तालुक्यात वाडीवस्तीवरून इथे यायला एसटीचे जाऊन-येऊन पैसे पडतात आणि दिवस मोडतो. वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी, त्यात पाच कथासंग्रह, पाच कादंबऱ्या, दोन-तीन प्रवासवर्णनं, काही मुलांची पुस्तकं, एवढी महिनाभरासाठी शाळेत किंवा बचत गटाकडे ठेवली तर? पेटी करून द्यायला आमच्या आळीतले एक सुतार तयार आहेत. लाकडाचे पैसे आम्ही देऊ.

पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी आहे असं फळ्यावर वाचलं. सभासदांना तिथे बोलता येत नाही, हे माहीत आहे. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि निदान एका विभागाची कपाटं, प्रवासवर्णनांची, दिवाळीपूर्वी उघडी करावीत अशी विनंती आहे. ती दोनच कपाटं आहेत. किल्ल्या एकाच जुडग्यात आहेत, मी पाहिल्या आहेत.

आपली,
एक आजीव सभासद

ता. क. : कथासंग्रहांच्या अनुक्रमणिका उतरवायला मी सुरुवात केली आहे. ग्रंथपालबाई रोज पाच संग्रह बाहेर काढून देतात. परवापर्यंत त्रेसष्ट झाले. लेखक, संग्रह, आतल्या कथा, असे रकाने पाडले आहेत. वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, देवघेवीच्या खिडकीशी दोरीने बांधून ठेवली आहे. कुणालाही पाहता येईल.